तात्याबाचा हात

म्हसवडच्या पुढं माळावरल्या त्या वस्तीत थर्मामीटर नव्हता, पण तात्याबा होता. कोकराच्या कानाच्या मुळाशी दोन बोटं लावली की ताप आहे का नुसता गारठा, हे गडी तोंडातली बिडी न काढता सांगायचा. मग बायका आपली पोरंही त्याच्यापुढं धरायला लागल्या आणि म्हातारा असा फुलायचा, की पटका ढिला करावा लागायचा. "माझी कंबर धरलेली तेवढी कळंना ह्यास्नी तीस वर्सं," त्याची बायको बयाबाई चारचौघांत म्हणायची. तोही हसायचा.

सून मंगल. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली, सोनिया. दीड महिन्याची झाली आणि एका सकाळी पोर अंगावर पिईना.

"आवं मामा, पोट-पाठ लय तापलंय हिचं. दवाखान्यात न्यायची का?"

तात्याबानं पाय चाचपले, मग कान. दोन्ही गार.

"ताप कुठला? पाय बघ की, गारठलीय. कोकरू असंच मलूल पडतं थंडीनं."

"पण पोट..."

"आगं, हजार कोकरं जगवल्यात म्या. तू किती जगवलीस?"

दारात बसलेली माणसं खो खो हसली. 

पोर घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवली. दुपारी पाय कढत लागले. "बघ, ऊब आली," तात्याबा म्हणाला. चार वाजता पोर रडायचीच थांबली. मंगलनं घोंगडी ओढून फेकली, शेजारच्या पप्पूची जीप काढायला लावली. म्हसवडच्या डॉक्टरांनी हातही न लावता साताऱ्याला पिटाळलं.

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई पोरगीच होती, पण आवाज करडा. "बाबा, ताप चढताना लेकराचे हातपाय गारच पडतात. थर्मामीटर काखेत लावायचा. गुंडाळायचं नाही, आत उष्णता कोंडते. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं की वाट बघायचीच नाही, थेट दवाखाना."

"सकाळी आणली आसती तर?" तात्याबानं विचारलं.

 "जास्त आशा होती."

तिसऱ्या दिवशी सोनिया गेली.

पोरीला माती देऊन सगळे दारात बसले. मंगल उंबऱ्याशी होती, तिचं दूध पदरातून पाझरत होतं. वस्तीवरला नानासो म्हणाला, "तात्या, मनाला लावून घेऊ नगं. पाचवीला सटवाईनं लिवलं ते कुणाला चुकलंय?"

माना डोलल्या. तात्याबानंही मान डोलवली असती, तर वस्तीनं त्याला तिथंच दोषातून मोकळं केलं असतं.

"सटवाईला कशाला मधी घेतूस?" तो म्हणाला. "हिनं इचारलं व्हतं. म्या न्हाई म्हणलं."

 मंगल उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.