सासूबाईंनी सोडलेल्या गाठी

"मूल जिवंत आहे, पण वाटेने येणार नाही," भोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॉन्ट्रॅक्टेड पेल्व्हिस आहे, म्हणजे कमरेच्या हाडाची वाट अरुंद. सिझेरियन करावं लागेल. पोट उघडून मूल काढायचं."

मी कळांनी अर्धमेली झाले होते. तरी 'जिवंत' एवढं मला नीट ऐकू आलं. पहिलं बाळंतपण हिर्डोशीला घरीच झालं होतं. बाळ अडलं आणि गेलं.

आमच्याकडे बाई अडली की घरातल्या साऱ्या गाठी सोडतात, कुलपं उघडतात, दावणीची गुरंही मोकळी करतात, म्हणजे बाई मोकळी होते. पहिल्या खेपेला सासूबाईंनी हे सगळं केलं. गुरांनी शेजाऱ्यांची नाचणी फस्त केली, मी मात्र अडलेलीच राहिले.

म्हणून या खेपेला बैलगाडीत घालून भोरला आणलं. पण सासूबाईंचे हात कुठले गप्प बसतात? त्यांनी दवाखान्यातली कपाटं उघडली, लेकाचं मुंडासं सोडायला लावलं आणि शेवटी डॉक्टरीणबाईंच्या झग्याच्या नाडीला हात घातला. बाई रागावल्या नाहीत. दुसरा झगा चढवून आत आल्या.

क्लोरोफॉर्म, म्हणजे भुलीचं औषध, गोडूस वासाचं होतं. जाग आली तेव्हा कुणीतरी टाहो फोडत होतं.

"लेक झाली गं," सासूबाई म्हणाल्या. "लई भांडकुदळ हाय."

मला इतका आनंद झाला की रडू आवरेना.

पोटावर टाके, म्हणजे गाठीच, हे कळल्यावर, या गाठी मात्र सुटू नयेत म्हणून सासूबाई माझ्या उशाशी पहारा देत बसल्या. भेटायला येणाऱ्याला आधी दम भरायच्या, हिला हसवू नका. ते ऐकूनच मला हसू यायचं आणि टाके ओढायचे.

बायांनो, भिऊ नका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकजणी आपसूकच बाळंत होतात. हाड अरुंद असलं, मूल आडवं असलं, किंवा वार खाली येऊन रक्त जायला लागलं, तरच बहुधा पोट उघडावं लागतं.

पुढे आमच्या शेजारची सून अडली. सासूबाईंनी रीतीप्रमाणे तिच्या वेणीची गाठ सोडली, कुलपं उघडली, दावणीचे बैल सोडले. मग माझ्या नवऱ्याला हाक मारली.

"बैल सोडल्यात. आता गाडीला जुप, आन् भोरला चल."