वेलीनं सोसलं पाहिजे

विलायती तांबडी दारू मी आयुष्यात एकदाच चाखली, आणि ती उत्तम होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर माझा राग सोवळ्यातून आला आहे असं वाटायचं. तिला मिऱ्याचा, धुराचा आणि पिकल्या जांभळाचा वास होता, आणि घोट गिळल्यावरही ती जिभेवरून उठायला तयार नव्हती. माझं भांडण तिच्याशी नाही.

इंग्रजी अमदानीत मी रिठदजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. हिवाळ्यात साहेबाचा दौरा आला की गावचे देशमुख मला दुभाषा म्हणून बोलावून घेत. अशाच एका मुक्कामात साहेबाने जेवणानंतर बाटली उघडली आणि तिची कुळकथा सांगितली. फ्रान्सात एका नदीकाठी इतके उभे डोंगर आहेत म्हणे, की तिथे बैल पाय रोवू शकत नाही. दगडी बांध घालून त्यावर सिरा नावाची काळी द्राक्षं लावतात. पावसाने माती खाली आली की माणसं ती टोपल्यांनी पुन्हा वर नेतात. दारू तयार झाली तरी पंधरा-वीस वर्षं तळघरात मुरवतात, तेव्हा कुठे तिचा कडकपणा जातो. शेवटी साहेब म्हणाला, "वेल सुखात वाढली तर द्राक्ष पाणचट होतं. वेलीनं सोसलं पाहिजे."

दाराआडून देशमुखीणबाईंनी विचारलं, "काहो मास्तर, द्राक्षाचा शिरा वीस वर्सं टिकते?"

त्या मुक्कामात विचारलेला तेवढाच एक शहाणा प्रश्न.

साहेब तंबू उचलून गेला, पण ते वाक्य देशमुखांच्या डोक्यात मुक्कामाला राहिलं. गावामागची टेकडी कागदावर त्यांची होती. चराई मात्र पिढ्यानपिढ्या सगळ्यांची. ती त्यांनी बाभळीच्या काट्यांनी कुंपून घेतली आणि दौलताबादेकडून द्राक्षाच्या काड्या आणवल्या. आमची टेकडी काही फ्रान्सइतकी उभी नव्हती. तिच्यावर बैल बसून रवंथ करीत. म्हणून तिची सगळ्यात खडकाळ, उतरती बाजू शोधून काढली. मृगात खाली वाहून आलेली माती बायकांनी श्रावणात टोपल्यांनी वर नेली, आणि भादव्यात ती परत खाली आली. पावसाळा सरल्यावर काड्यांना पाणी घालायला मात्र बंदी. कारण काय, तर वेलीनं सोसलं पाहिजे.

टेकडीवाचून ज्यांचं अडलं, त्यांत खालाचं सगळ्यात जास्त. ही एकटी विधवा. हिंदू-मुसलमान सगळेच तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. जमिनीचा तुकडा नाही. बकऱ्यांच्या दुधावर आणि पिलांवर तिचं पोट चाले. टेकडी बंद म्हणजे तिची चूल बंद. ती देशमुखांच्या ओट्यापाशी आली तेव्हा मी तिथेच होतो.

"मालक, एक पट्टी तं सोडा. मले दुसरं रान नाई."

"खाला, तुले समजत नाई. विलायतेत मानतात तसली दारू होनार हाये इथं. वीस सालानं बाटली फुटंन."

"अन् पेईन कोन? तुमी, का तुमच्या पिंडाचा कावळा?"

ओट्यावरचे लोक हसले. देशमुख हसले नाहीत, आणि पट्टीही सुटली नाही.

वैशाखात काड्यांचं सरपण झालं. एकूण एक वाळल्या. देशमुख मात्र ज्याला त्याला सांगत, "मुळ्या खोल चालल्या. सोसून राह्यली वेल." खाला बकऱ्या घेऊन बांधाबांधाने हिंडत होती आणि शेतकरी तिला हाकलत होते. मग रिसोडच्या बाजारी एकेक बकरी जाऊ लागली. दुभती आधी, कारण तिलाच गिऱ्हाईक. मी व्याकरण शिकवून पोट भरणारा माणूस, पण 'सोसणे' या क्रियापदाचा कर्ता नेहमी दुसराच कोणीतरी असतो, हा नियम मला कुठल्याच पुस्तकात सापडला नव्हता. देशमुखांना मी तोंडावर म्हणालो, "काड्या मेल्या आहेत. कुंपण काढा." ते म्हणाले, "मास्तर, तुमाले दारूतलं काय समजते?"

पुढच्या हिवाळ्यात साहेब परत आला. त्याला मळा दाखवायला देशमुखांनी घोड्यासाठी कुंपणात खिंडार पाडलं. आम्ही वर जाऊन वाळक्या काड्यांपुढे अदबीने उभे राहिलो. साहेब सभ्य माणूस. तो नुसता खोकला. तेवढ्यात त्याच खिंडारातून खाला आत शिरली, पुढे तिच्या उरलेल्या तीन-चार बकऱ्या. त्या सरळ गवताला लागल्या.

देशमुखांचा चेहरा साहेबाच्या बाटलीसारखा तांबडा झाला, पण साहेबासमोर आरडाओरडा कसा करणार?

"या कोणाच्या?" साहेबाने विचारलं.

"सांगा मास्तर," देशमुख घाईघाईने म्हणाले, "आपल्याच हायेत म्हना. खतासाठी सोडल्या."

मी तसंच सांगितलं. साहेब खूष झाला. इतका दूरदर्शी जमीनदार आपण या मुलखात पाहिला नाही, म्हणाला. पुढच्या दौऱ्यातही या बकऱ्या इथे पाहायला आपल्याला आवडेल.

झालं. संध्याकाळी ओट्यावर देशमुखांच्या दिलदारीचं कौतुक सुरू झालं. विधवेला टेकडी मोकळी केली, असा माणूस मिळत नाही, वगैरे. कुंपणाआधी जिने त्या टेकडीवर बिनबोभाट बकऱ्या चारल्या होत्या, तिलाच उपकार मानायला समोर उभं केलं. विकल्या गेलेल्या बकऱ्यांचं नाव कोणी काढलं नाही.

"रोज चारत जाय, खाला," देशमुख म्हणाले. "पन लेंड्या आमच्या."

"घ्या ना मालक," खाला म्हणाली. "लेंड्या तं मी कधीच घरी नेल्या नाई."