न धुतलेला पंप

ते प्रकरण अजूनही मला सोडत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वर्ध्याच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख तक्रार घेऊन आले. प्रयोगशाळेतला फवारणीचा पंप चोरीला गेला होता आणि संशय त्यांच्याच संशोधक विद्यार्थ्यावर होता.

दुपारी खबऱ्याने बातमी आणली, "पोरगा नालवाडीत राह्यते, साहेब. पंप खाटेखाली हाय."

पंचनामा करून पंप आणि पोरगा दोन्ही ठाण्यात आणले.

"काऊन चोरला बे?" हवालदाराने दरडावलं.

"चोरला नाई. कोणी धुवू नये म्हणून नेला."

मग तो सांगत गेला. एका रानपाल्याच्या अर्काने कपाशीवरची कीड मरते, असा सरांचा लेख त्याच्या प्रयोगांवरून छापून आला होता. परदेशी संशोधकही आपल्या लेखांत त्याचा आधार देत होते. पण नव्या पंपाने फवारलं तेव्हा कीड मेलीच नाही. पहिला पंप, म्हणजे हाच, महाविद्यालयाच्या शेतावरून प्रयोगशाळेत आणलेला. याने तो न धुताच वापरला होता, आत आधीच्या फवारणीचं विषारी औषध उरलं होतं.

"चूक माहीच हाय, साहेब. पण सर लेख मागे घेत नाईत. पंप नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासाले पाठवा."

मी सरांना बोलावलं. ते भडकले, "विद्यापीठात आमच्या विभागाले कोणी विचारत नव्हतं. आता जगभरचे लोक आमचा हवाला देऊन राह्यले, अन् हा म्हणते, चुकलं म्हणून छापा!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तक्रार मागे घेतो. पंप तेवढा द्या."

गुन्हा अजून नोंदवला नव्हता. मी पोच घेऊन पंप दिला. सरांनी तो ठाण्याच्या नळावरच खळखळून धुतला.

"साहेब, त्यायले थांबवा नं!" पोरगा कळवळला.

"सुटला ना तू? घरी जाय," मी म्हणालो.

त्याने संशोधन सोडलं. पुढे सरांचा सत्कार झाला. त्यांच्या लेखाचा हवाला कुठकुठल्या देशांत दिला गेला, ते वक्त्याने वाचून दाखवलं. बंदोबस्ताला मी होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

चोर सापडला नाही म्हणून मी बरीच प्रकरणं बंद केली. हे मात्र खरं बोलणारा सापडल्यावर बंद केलं. खोटं दडपायला पोलिसाला लाच द्यावी लागते, असं लोकांना वाटतं. मी एक पैसाही घेतला नव्हता. मला फक्त टेबलावरचा एक अर्ज कमी करायचा होता.