औषधाआधी विचारणारे भिकाजीबुवा

वैद्य भिकाजीबुवांना मी प्रथम पाहिले ते आमच्या अकोल्याच्या घरी, वडिलांच्या अंथरुणापाशी. कापसाला सोन्याचा भाव आलेली ती वर्षे. वडील दिवसभर रुईचे गठ्ठे दाबीत. तंतू आणि कफाने त्यांची छाती भरून गेली होती. बुवांनी कफ पातळ करणारा अडुळसा-ज्येष्ठमधाचा काढा दिला आणि मला विचारले, "पोरी, बाबा दुसरं काही औषध घेतात काय?"

"नाही जी," मी म्हणाले.

ते खोटे होते. खोकला थांबावा म्हणून वडील अफूची गोळी घेत. "बुवाले सांगू नोको, रागावतीन," असे त्यांनी मला बजावले होते. मी दहा वर्षांची होते.

काढ्याने कफ सुटला, पण अफूने खोकलाच दाबून टाकल्यामुळे तो बाहेर पडेना. तिसऱ्या दिवशी वडील गुंगीत गेले, छातीत घरघर लागली. मी गोळ्यांची पुडी बुवांच्या हाती दिली, तेव्हा फार उशीर झाला होता.

अंगणात जमलेल्यांना बुवा म्हणाले, "अफू सुरू होती. मी विचारलं नाही. चूक माझी."

काका ओरडले, "माणूस मारला तुमी!" बुवांनी मान खाली घातली. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

रोगी येईनासे झाले, तेव्हा बुवांनी अमरावतीस बिऱ्हाड केले. माझे आजोळही तिथलेच. आई मला घेऊन तेथे आली, तेव्हा बुवांनी मला अक्षरे शिकवली आणि औषधांच्या पुड्यांवर नावे लिहिण्याचे काम दिले. आमच्या घरात वाचता येणारी मी पहिली. प्रत्येक नाव मी अजूनही तीनदा वाचते.

बुवा रोग्याला घरातली सारी औषधे आणून समोर मांडायला लावतात. एक म्हातारी चिडली, "दवा देऊन राहिले का झडती घेऊन राहिले?"

"आधी झडती, मावशी," बुवा म्हणाले. तिच्या पदराच्या गाठीतून अफूच निघाली. त्या दिवशी त्यांनी काढा दिला नाही.

आज बुवांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ही दक्षता त्यांना एका चुकीने शिकवली, असे आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात. तसे नाही. त्यांनी विचारले होते. खोटे मी बोलले होते. हे मी लिहिलेले त्यांना रुचणार नाही. तरी बुवांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि माझ्या वडिलांचा मृत्यू यापुढे कोणीही त्यांच्या नावावर घालू नये.