डालग्याखालचं पिल्लू

हायवेवर मोटारसायकलचा धक्का लागून आमच्या कुत्रीच्या पिलाच्या डोक्याला मार बसला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "अंधारात ठेवा. अधूनमधून हळू बोला. तुमच्या आवाजाकडं मान वळवली तर समजा, वाचलं."

अशक्त करडाला झाकतो तसं मी त्याला अंधाऱ्या कोपऱ्यात बांबूच्या मोठ्या पालथ्या डालग्याखाली ठेवलं. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. पण बोलायचं काय? आमचे मालक मेंढरं घेऊन लांब चारणीला गेलेले. घरात मी एकटीच. दिवसदिवस माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि माणसांपुढं तर मला लाजच वाटते. शेवटी डालग्याजवळ बसून मी त्याला सांगू लागले, आज भाकरी करपली, मीठ संपत आलंय.

शेजारच्या काकू दोन घरांमधल्या कुडावरून डोकावल्या. "कोण पाव्हणं आलंय गं? तुजा आवाज आज पहिल्यांदाच ऐकला बघ!"

मी पदर तोंडाला लावला आणि गप्प झाले. तेवढ्यात डालग्याच्या फटीतून दिसलं, पिलानं मान उचलली होती. थांबलेला आवाज ते इकडंतिकडं शोधत होतं.

काकू अजून बघतच होत्या. तरी मी मोठ्यानं म्हणाले, "इथंच हाय रं मी."