भाऊंची मोटार आणि घाटातलं वळण

जुन्या ड्रायव्हरकडे दोनच गोष्टी साठतात, पाठदुखी आणि किस्से. पाठ कुणाला दाखवायची? म्हणून किस्से सांगतो.

भाऊंची मोटार सर्विस म्हणजे एकच गाडी. रत्नागिरीहून हातखंब्यावरून घाट चढून वर जायची. मालक भाऊ, ड्रायव्हर मी. घाट आला की माझ्या हातांना घाम सुटायचा.

*

चढावर गाडी दमली की उतारूंना उतरून चालावं लागे. एकदा एक वकीलसाहेब म्हणाले, "मी पूर्ण तिकीट काढलंय. उतरणार नाही."

"बसा हो," भाऊ म्हणाले. "गाडी मागे यायला लागली तर डावीकडे तेवढी उडी मारू नका. तिकडे दरी आहे."

वकीलसाहेब सगळ्यांत आधी उतरले.

*

घाटाखालच्या वाडीतली रखमा आमच्या इंजिनासाठी घागर भरून उभी असे. तिच्या वाडीतल्या आजाऱ्यांना भाऊ फुकट दवाखान्यात आणत. मी एकदा विचारलं, "भाऊ, गाडी आपली की वाडीची?"

"घाटात अडकलास की कळेल."

*

कळलं. उतरताना एका वळणावर ब्रेक लागेना. गाडी कठडा फोडून थांबली, पुढचं एक चाक दरीवर. कुणी श्वास घेईना. मागच्या बाकावर खोबऱ्याचे व्यापारी दामूशेट होते, चांगले वजनदार. त्यांनी हळूच विचारलं, "मी उतरू का?"

सगळी गाडी ओरडली, "नको!"

धडक ऐकून रखमाची वाडी दोरखंड घेऊन धावत वर आली. गाडी मागून ओढून धरली, एकेकाला उतरवलं. दामूशेट सर्वांत शेवटी. घाम पुसत म्हणाले, "बायको रोज वजनावरून बोलते. कुणीतरी घरी येऊन तिला हे सांगा."

पुढच्या सीटवरच्या काशीआजीचा तेवढा हात मोडला.

*

भाऊ प्रत्येक उतारूच्या घरी गेले. "ब्रेकचं काम मी पुढे ढकललं होतं. चूक माझी," असं दारात उभं राहून सांगितलं.

"हे कशाला सांगता भाऊ?" मी म्हणालो.

"मी नाही सांगितलं तर गाव सांगेल. आणि गावाच्या सांगण्यात चार माणसं मेलेली असतील."

*

ब्रेक नवे बसवले, तरी आठ दिवस आमच्या गाडीत कुणी चढलं नाही. शेजारी दुसऱ्या मालकाची नवी गाडी उभी राही, ती भरून जाई. भाऊ म्हणाले, "उद्या कुणी आलं नाही तर गाडी विकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीआजी आली. एक हात झोळीत, दुसऱ्यात बोचकं. सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली, त्याच जागी. सगळा स्टँड बघत राहिला. मी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून बघत होतो.

"आजी, भीती नाही वाटत?"

"वाटते तर मेल्या. पण त्या गाडीत जास्त वाटते."

"का हो?"

"तिचा ड्रायव्हर अजून घाबरलेला नाही."

दामूशेट नव्या गाडीत बसले होते. ते पिशवी घेऊन उतरले आणि आमच्या मागच्या बाकावर येऊन बसले.