भोंग्याचा कोंडलेला श्वास

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. आवाज तसाच, आणि स्वभाव त्याहून कडक. फुप्फुसात गाठ निघाली तेव्हा त्याने आधी डॉक्टरलाच झापलं. छाती न फाडता, दोन-तीन भोकांतून दुर्बिणीने ऑपरेशन झालं तर लवकर पुकारायला उभं राहता येईल, एवढीच त्याची आशा होती.

सोनोग्राफीच्या दिवशी नेमकी बायको तापाने पडली आणि तिने सोबतीला धाकट्या दिराला धाडलं. याच दिवट्याने वडिलांचा गाळा परस्पर स्वतःच्या नावावर केला होता. तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद. टॅक्सीत भोंगा खिडकीकडे तोंड करून बसला, तरी हा खोलीपर्यंत आलाच.

सोनोग्राफीवाल्या बाईंनी बरगड्यांवर गार जेल चोपडलं. "फुप्फुस आतून छातीला चिकटलंय का, ते बघायचंय. मोकळं असेल तर श्वासाबरोबर सरकेल. चिकटलं असेल तर दुर्बिणीचं कठीण. घ्या मोठा श्वास."

मोठा श्वास घेतला की भोंग्याला जीवघेणी कळ यायची. याच्यासमोर कण्हायचं? मेलो तरी नाही. त्याने ओठ मिटून चिमूटभर हवा ओढली. पडद्यावरची फुप्फुसाची पांढरी रेघ ढिम्म.

"अहो, मोठा घ्या."

"घेतोय," तो पुटपुटला.

"मग बरंच चिकटलेलं दिसतंय. छाती उघडावी लागेल बहुतेक."

भोंग्याला पुकारणं बंद पडलेलं दिसू लागलं, पण हट्ट सुटेना.

"मॅडम, तो श्वासच घेत नाहीये," धाकटा म्हणाला. "दुखलं की दम कोंडून पडतो. लहानपणी मार खातानाही असाच पडायचा."

"या हरामखोराला आधी बाहेर काढा!" भोंगा छातीभर श्वास घेऊन गरजला, आणि रेघ सरकली.

धाकटा बाहेर गेला. मग भोंग्याने डोळ्यांत पाणी येईस्तोवर श्वास घेतले, खोकला, मनसोक्त कण्हला. काखेखालची एक जागा तेवढी चिकटलेली निघाली. बाईंनी तिथे पेनाने फुली मारली. इथून दुर्बीण घालायची नाही, बाकी सगळं मोकळं.

बातमी आनंदाचीच होती, तरी शर्टाची बटणं त्याने रागारागाने लावली. आई-वडील कधीच गेले. इतकी वर्षं संसार करून बायकोलाही पत्ता लागला नव्हता. आपल्याला दुखतंय हे न सांगता ओळखणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो नेमका हा.